कॉट बेसिस आणि माझे अकरा दिवस

सुरुवातीलाच कबूल करतो. घाटावरच्या एका कॉलेजच्या गावात मी दोन वर्षं शिकायला राहिलो होतो, असं मी माझ्या मुलीला ती सहा वर्षांची असल्यापासून सांगत आलो. प्रत्यक्षात मी तिथे अकरा दिवस राहिलो. बाराव्या दिवशी सकाळच्या एसटीने परळच्या घरी परत आलो आणि पुढचं शिक्षण मुंबईतच, नोकरी सांभाळून, सकाळच्या कॉलेजात पूर्ण केलं.

पहिल्यांदा खोटं बोललो ते पडवळाच्या भाजीवरून. मुलगी ताट ढकलत होती. "मी मेसमध्ये दोन वर्षं ही भाजी गपचूप खाल्ली आहे," असं मी म्हणालो. तिला धाक बसावा, एवढाच हेतू. धाक बसला नाही, पण कुतूहल वाटलं. "मेस म्हणजे काय?" तिने विचारलं आणि घास तोंडात घातला. जेवण संपेपर्यंत मी मेस उभी केली होती. लांब बाकं, बादलीतली आमटी, न विचारता पोळी वाढणाऱ्या काकू. पडवळ संपलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला गोष्ट आवडली असावी, असं मी धरून चाललो.

त्यानंतर ते गाव वाढतच गेलं. तेव्हा आम्ही नुकतेच परळहून मीरा रोडला, सिल्व्हर पार्कला राहायला आलो होतो. रविवारी रिक्षा करून घोडबंदर रोडवर चेण्याला जायचो, नदीत पाय सोडून बसायचो. मुलगी पाणी उडवत म्हणायची, "बाबा, गावातलं सांग." मी सांगायचो. लायब्ररीच्या मागच्या खिडकीखाली एक दगडी बाक होता आणि त्याच्यावर बकुळीची सावली पडायची. हे खरं होतं, त्या बाकावर मी अकरापैकी नऊ दिवस बसलो होतो. बाकीचं मात्र दर रविवारी थोडं थोडं बांधत गेलो. टेकडीवर फिरायला जाणारं मित्रमंडळ बांधलं. नाटकाच्या तालमी बांधल्या. एकदा तर कॉलेजच्या मासिकाचा संपादक झालो.

माझी आणखी एक खोड इथेच सांगायला हवी, कारण ती याच्याच पोटची आहे. मला दुसऱ्याला काहीतरी सुचवायला फार आवडतं. सोसायटीच्या ग्रुपवर शनिवारी कुणी ना कुणी विचारतं, "आज क्या देखें?" आणि मी दोन मिनिटांत उत्तर देतो. चित्रपट पाहिलेला असतोच असं नाही. पुरवणीत परीक्षण वाचलेलं असतं. पुस्तकांचंही तेच. मागचं पान आणि प्रस्तावना वाचून मी "हे वाचलंच पाहिजे" असं सांगत आलो आहे. एकदा एका वनरक्षकावरचा कुठलासा शांत, गाजलेला चित्रपट मी असाच सुचवला. सोमवारी तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन लिफ्टमध्ये भेटल्या.

"भाईसाब, आपने बोला वो पिक्चर देखा. बहुत शांती मिली."

"अच्छा लगा ना?"

"हां. सब सो गए. मेरे ससुरजी को तो नींद की गोली भी नहीं लगी."

आजूबाजूची माणसं हसली, मीही हसलो. पण घरी आल्यावर ते हसू टिकलं नाही. मी तो चित्रपट पाहिला असता, तर म्हाताऱ्या माणसांना सुचवला नसता.

मुलगी बी.एस्सी. झाली. संख्याशास्त्रात पुढे शिकायचं तिने ठरवलं. मुंबईत प्रवेश मिळत होता आणि त्याच गावातही मिळत होता. तिने विचार करायला एक दिवससुद्धा घेतला नाही. "बाबाचंच गाव," ती आईला म्हणाली. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पेपर वर केला.

त्याच आठवड्यात खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाहीच, उलट एक वही आणली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. तिच्यात मी मुलीसाठी यादी लिहिली. त्या गावात काय खायचं, कुठे बसायचं, दोन वर्षांत कोणते चित्रपट बघायचे, कोणती पुस्तकं वाचायची, अभ्यासाला ऑनलाइन काय चांगलं आहे. सतरा पानं भरली. प्रत्येक नोंदीपुढे मी चांदण्या काढल्या, पाचपैकी. आज ती वही आठवली की त्या चांदण्यांचीच जास्त लाज वाटते.

मग राहायच्या जागेचा फोन आला. कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक काकू खाली मेस चालवतात आणि वरच्या मजल्यावर मुलींना ठेवून घेतात. त्या फोनवर म्हणाल्या, "कॉट बेसिस आहे. गादी तुमची तुम्ही आणायची."

फोन ठेवून मुलीने विचारलं, "बाबा, कॉट बेसिस म्हणजे?"

मला माहीत नव्हतं. मुंबईत आपण पीजी म्हणतो. आणि मी त्या अकरा दिवसांत वडिलांच्या स्नेह्यांच्या घरी, पुढच्या खोलीत सतरंजीवर झोपलो होतो. पण दोन वर्षं राहिलेल्या माणसाला हे माहीत नसेल कसं? गादी आपली म्हणजे कॉटही आपलीच, असा हिशोब मी मनातल्या मनात केला.

"म्हणजे कॉट आपली न्यायची," मी म्हणालो. "तिथे तशीच पद्धत आहे."

भाईंदर पूर्वेला मी जिथे नोकरी करतो त्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या तोंडाशी एक फर्निचरवाला आहे. त्याच्याकडे घडीची लोखंडी कॉट मिळाली. त्याने विचारलं, "किसके लिए, साहब?"

"लड़की बाहर पढ़ने जा रही है."

"वहां तो कॉट मिलता है, साहब. सब जगह मिलता है."

"वहां कॉट बेसिस है."

"बेसिस मतलब?"

"मतलब अपना कॉट."

तो आदराने गप्प बसला. एक मराठी माणूस बाहेरगावच्या चालीरीती सांगतोय म्हटल्यावर तो तरी काय बोलणार.

काशीमिरा नाक्यावर बस पकडली. कंडक्टरने कॉटकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. डिकीत ती आडवी जाईना, उभी जाईना, शेवटी एका लग्नाच्या वऱ्हाडाच्या भांड्यांवर तिरकी ठेवली. बस घोडबंदर रोडने निघाली. चेण्याचं वळण आलं तेव्हा मुलीने खिडकीतून तिकडे बघितलं आणि माझ्या दंडावर डोकं टेकलं. "आता खरं गाव बघायला मिळणार," ती म्हणाली.

काकूंच्या दारात मी कॉट खांद्यावर घेऊन उभा राहिलो. काकू पीठ मळत होत्या, तशाच पिठाच्या हाताने बाहेर आल्या.

"हे काय आणलंत?"

"कॉट. तुम्ही म्हणालात ना, कॉट बेसिस."

काकू आधी खालच्या पायरीवर बसल्या आणि मग हसल्या. "अहो, कॉट बेसिस म्हणजे खोलीत चार कॉटा, त्यातली एक तुमच्या मुलीची. कॉटपुरतं भाडं. कॉट कोण कशाला आणेल?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "आमच्या वेळी आपली आणावी लागायची."

"तुमच्या वेळी म्हणजे? माझ्या सासूबाई पोरी ठेवायच्या तेव्हापासून कॉट बेसिसच आहे," काकू म्हणाल्या. "बरं, आणलीत ती राहू दे. गच्चीत ठेवा. पापड वाळवायला होईल."

मी कॉट गच्चीत नेऊन ठेवली आणि संध्याकाळच्या बसने परतलो. निघताना मुलगी फक्त म्हणाली, "वही घेतलीये मी."

पहिला आठवडा फोन लांबलचक असायचे. मी सांगितलेल्या मेसच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. बाक मात्र सापडला. "बाबा, बकुळपण आहे," असं ती म्हणाली तेव्हा मला इतका आनंद झाला की ऑफिसात दोघांना चहा पाजला. एकदा तिने विचारलं, "त्या तिसऱ्या पुस्तकात शेवटी तो घर विकतो ते तुला पटलं का?" मी म्हणालो, "विकायलाच हवं होतं." ते पुस्तक मी चाळीस पानांपुढे वाचलेलं नाही. तो घर विकतो हे मला तिच्याकडूनच कळलं.

पुढे फोन आखडले. कसं चाललंय विचारलं की "मजेत". जेवलीस का, "हो". अभ्यास, "चालू आहे". मी बायकोला म्हणालो, "रुळली बघ." बायको म्हणाली, "मजेत असलेली पोर एवढं कमी बोलते का?"

चौथ्या आठवड्यात काकूंचा बायकोला फोन आला. तक्रार नव्हती, काळजी होती. "ताई, तुमची मुलगी खाडे फार टाकते हो." खाडा म्हणजे आज जेवायला येणार नाही असं मेसला आधी कळवणं. हा शब्द तरी मला माहीत होता, पण तो आपल्या मुलीच्या बाबतीत ऐकायला बरा वाटला नाही. आठवड्यात पाच संध्याकाळी खाडा. बाहेर खाते म्हणावं, तर बाहेरही जात नाही. डोकं दुखतंय म्हणते आणि खोलीत बसते.

बायकोने मुलीला फोन लावला आणि गॅलरीत जाऊन बोलली. बराच वेळ. आत येऊन माझ्यासमोर बसली.

"ती रडत होती. परत यायचंय म्हणते, पण येणार नाही म्हणते. बाबा दोन वर्षं मजेत राहिला आणि मला महिना निघत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे, म्हणाली. बाबाला सांगू नकोस, असंही म्हणाली."

मी पेपरची घडी घालायला लागलो.

"आता तुम्ही बोला तिच्याशी," बायको म्हणाली. "अकरा दिवसांचं."

मी वर बघितलं. "तुला माहीत आहे?"

"लग्नाच्या आधीपासून. बघायला आलात तेव्हा तुमच्या आईनीच सांगितलं, मुलगा शिकायला गेला होता, पण घर सोडून राहवलं नाही त्याला. अकराव्या दिवशी रडवेला झाला."

"आणि तरी तू हो म्हणालीस?"

"म्हणून तर हो म्हणाले. घर सोडून न राहणारा नवरा वाईट कसला? पण एवढी वर्षं तुम्ही त्या पोरीला जे टेकडीवर फिरवलंत ना, ते बरं नाही केलंत."

शनिवारी सकाळीच निघालो. पोहोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. काकूंनी बोटाने वर दाखवलं. मुलगी गच्चीत होती, माझ्याच कॉटवर, अर्ध्या भागात पापड वाळत घातलेले आणि उरलेल्या अर्ध्यात ती लॅपटॉप घेऊन बसलेली. मला बघून ती दचकली. मग तिने पापड थोडे सरकवले आणि मला जागा दिली.

बसमध्ये मी सगळं बोलणं नीट ठरवून ठेवलं होतं. तिथे ते आठवेना. सरळ म्हणालो, "मी इथे अकरा दिवस राहिलो होतो."

"म्हणजे?"

"शिकायला आलो तेव्हा. एकूण अकरा दिवस. मग परत गेलो."

"दोन वर्षं नाही?"

"नाही."

"मग मेस?"

"एकदा जेवलो. वर्गातल्या एकाचा गेस्ट म्हणून."

"पडवळ?"

"त्या दिवशी बटाटा होता."

मी पुढे सांगत राहिलो. ज्यांच्याकडे उतरलो होतो ती माणसं चांगली होती. रोज दिवे लागले की त्या घरच्या आई त्यांच्या मुलांना हाक मारायच्या, "हातपाय धुऊन या रे." मला म्हणायच्या नाहीत, मी पाहुणा होतो. मला म्हणायच्या, "तुमचं सावकाश होऊ द्या." अकराव्या दिवशी ते "सावकाश होऊ द्या" ऐकून मला रडू आलं आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडलो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या आईला ते आपोआप कळलं असावं.

मुलीने लॅपटॉप मिटला. "मला वाटत होतं, माझंच काहीतरी बिघडलंय. संध्याकाळी सगळ्या हसत खाली जेवायला जातात. मी खाडा टाकते आणि तुझी वही काढून बसते. बाबाला इथे काय काय आवडायचं ते वाचते. मला त्यातलं काहीच आवडत नाहीये म्हणून अजून रडू येतं." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "तू खोटं बोललास ते एक. पण मी इथे त्याच्याशी स्वतःला मोजत होते, बाबा."

"तुला घरी यायचं असेल तर आज बॅग मी उचलतो," मी म्हणालो. "मुंबईतही शिकता येतं. मी शिकलोच."

"बॅगेचं मी बघेन." तिने डोळे पुसले आणि बोटांवर काहीतरी मोजलं. "आज माझा सव्विसावा दिवस आहे."

"हो."

"म्हणजे तुझ्या दुपटीच्या वर."

"दुपटीच्या बराच वर."

ती पहिल्यांदा हसली, पण लगेच उठली आणि खोलीतून निळी वही आणि पेन घेऊन आली. पेपर तपासायला बसावं तशी बसली. "आता एकेक सांग. पहिला चित्रपट. पाहिलायस?"

"अर्धा."

तिने अडीच चांदण्या खोडल्या. "दुसरा?"

"परीक्षण वाचलं होतं."

सगळ्या चांदण्या गेल्या. "हा वनरक्षकाचा?"

"त्याच्याबद्दल तिसऱ्या मजल्यावरच्या बेनना विचार."

पुस्तकांमध्ये सातपैकी तीन टिकली. त्यातलं एक मी खरोखर दोनदा वाचलं आहे, हे तिला पटवायला मला मधलं एक प्रकरण सांगावं लागलं. खाण्याच्या पानावर फक्त स्टँडजवळची जिलबी राहिली. ती मी परत जाताना, एसटीची वाट बघत खाल्ली होती.

"आता ऑनलाइन," ती म्हणाली. "हे कुकरमधला भात शिकवणारे?"

"पाहिलाय. तुझी आई माहेरी गेली होती तेव्हा. तसाच भात केला, तूही खाल्लास."

"आणि हे घाबरू नका सर?"

हे एक मास्तर आहेत. ऑनलाइन एक्सेल शिकवतात, फळ्यावर खडूने चौकटी आखून, आणि प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला "घाबरू नका" म्हणतात. ऑफिसात नवीन पद्धत आली तेव्हा मला काहीच येत नव्हतं आणि कुणाला विचारायचीही लाज वाटत होती. डब्याच्या सुट्टीत इयरफोन लावून मी त्यांचे सगळे धडे पाहिले, काही तर चारचारदा. पुढे त्यांनी संख्याशास्त्राचे धडे सुरू केले तेही पाहिले, कळले नाहीत तरी.

"सगळे पाहिलेत," मी म्हणालो. "शपथेवर."

"माहितीये. इथे त्यांचेच धडे बघते मी. माझ्या खोलीतल्या तिघीपण बघतात. सगळ्या वहीत हे एकच कामाचं निघालं." तिने त्यांच्यापुढे सहावी चांदणी काढली. "आणि बाक. बाक खरा आहे."

"बाक खरा आहे."

ती कठड्याशी गेली आणि खाली वाकून म्हणाली, "काकू, माझा आजचा खाडा काढा. आणि एक गेस्ट आहे."

"कोण गं?" खालून आवाज आला.

"कॉटवाले."

"त्यांना म्हणावं ताट आमचंच आहे, आणू नका."

मी हसायला लागलो, तीही हसली. मग येऊन समोर उभी राहिली. "दिवाळीपर्यंत राहते मी. नंतरचं नंतर. पण एक राहिलंय. तू सगळं सांगितलंस, का झालं तेही सांगितलंस. माफी नाही मागितलीस."

तिने वही पुढे केली. पहिलं पान मी रिकामं सोडलं होतं. त्यावर मी लिहिलं, "क्षमस्व."

तिने वाचलं. "बाबा, हे लिफ्ट बंद आहे, क्षमस्व, असं वाटतंय."

तिचं बरोबर होतं. सोसायटीच्या फळ्यावर तो शब्द मीच लिहितो, पाणी येणार नसलं की. मी तो खोडला. खालून फोडणीचा वास येत होता. मी वही मिटली आणि तिला तोंडानेच सांगितलं.

"मी तुला खोटं गाव सांगितलं आणि तुला एकटीला त्यात राहायला पाठवलं. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."